लांडगा-कुत्रा संकर : निर्णय कोणाचा, आणि तोवर काय?

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक पत्र पाठवले. तेवीस प्रकारचे कुत्रे मानवी जीवितास धोकादायक मानून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, असा त्याचा आशय होता. पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ यांच्या पंक्तीत त्या यादीमध्ये ‘लांडगा-कुत्रा’ अशीही एक नोंद होती. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता काढलेले म्हणून हे पत्र पुढच्याच महिन्यात कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांत रद्द ठरले आणि चर्चा श्वानप्रेमी व श्वानपैदासकार यांच्यापुरती मर्यादित राहिली. त्या यादीतील लांडगा-कुत्रा म्हणजे मुद्दाम पैदास केलेला, विकत घेतलेला, गळ्यात पट्टा असलेला प्राणी. माळरानावर कोणाच्याही मालकीविना जन्माला येणाऱ्या संकरित पिल्लाविषयी मात्र ना वन्यजीव कायद्यात स्पष्ट तरतूद आहे, ना मोकाट कुत्र्यांच्या नियमांत.

असे पिल्लू जन्माला येते, याविषयी आता शंका उरलेली नाही. पुणे परिसरातील माळरानांवर लांडग्यांच्या कळपात फिकट, तांबूस-पिवळ्या रंगाचे काही प्राणी निसर्गनिरीक्षकांच्या नजरेस आले. त्यांच्या नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण झाले आणि भारतातील लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. मेंढपाळांना यात नवे काही वाटले नसेल. वाड्याभोवती फिरणारा कुत्रा आणि लांडगा यांच्यातील सोयरीक त्यांच्या बोलण्यात पूर्वीपासून आहे. नवे इतकेच की आता ती कागदावर आली, आणि कागदावर आलेल्या गोष्टीची कायद्याला दखल घ्यावी लागते.

भारतीय द्वीपकल्पातील लांडगा हा जगातील लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन वंशशाखांपैकी एक मानला जातो. त्याची देशातील संख्या सुमारे तीन हजार आहे, म्हणजे वाघांच्या आसपासच. याउलट विसाव्या पशुगणनेत मोकाट कुत्र्यांची संख्या १ कोटी ५३ लाखांच्या घरात मोजली गेली. एका लांडग्यामागे पाच हजार मोकाट कुत्रे, असे हे प्रमाण आहे, आणि त्यात गावोगावचे मालक असलेले पण दिवसभर मोकळे हिंडणारे कुत्रे धरलेले नाहीत. लांडग्यांचा कळप शाबूत असेल तर तो कुत्र्याला जवळ फिरकू देत नाही, प्रसंगी मारून खातो. कळपातील प्रौढ नर विष घालून किंवा महामार्गावर मारला गेला, मादी एकटी पडली आणि विणीच्या हंगामात तिला जोडीदार मिळाला नाही, की मग गावाच्या वेशीवरचा कुत्रा उरतो. म्हणजे जितके लांडगे मारले जातील, तितका संकर वाढण्याची शक्यता अधिक. पुढील कायदेशीर चर्चेत हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

सध्याची कायदेशीर स्थिती अशी आहे. लांडगा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याची शिकार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. या कायद्यातील ‘शिकार’ शब्दाची व्याप्ती मोठी आहे. ठार मारणे, विष देणे याबरोबरच पकडणे, फासात वा सापळ्यात अडकवणे हेही तिच्यात येते. दुसऱ्या बाजूला मोकाट कुत्रा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली केलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ च्या कक्षेत येतो. त्याला स्थानिक स्वराज्य संस्थेने पकडायचे, निर्बीजीकरण व लसीकरण करायचे आणि जिथून उचलला तिथेच सोडायचे, हा त्या नियमांचा गाभा आहे. मोकाट कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जे आदेश दिले, त्यांचा रोख शहरातील रस्ते, शाळा, रुग्णालये यांवर होता. माळरान त्या वादात कुठे आलेच नाही.

आता एखाद्या नगरपरिषदेच्या श्वानपथकाने हद्दीवरून उचललेला प्राणी निम्मा लांडगा निघाला, तर काय? तो कुत्रा असेल तर पथकाने कर्तव्य केले. तो लांडगा असेल तर त्याच पथकाने अनुसूची १ मधील प्राणी विनापरवाना पकडला. उलट वनरक्षकाने असा प्राणी विहिरीतून बाहेर काढला आणि तो कुत्रा ठरला, तर त्याला ठेवायचे कुठे आणि सोडायचे कोणाच्या आदेशाने, याचे उत्तर वनखात्याकडे नाही. प्रत्यक्षात काय होते, तर दोन्ही खाती तो प्राणी दुसऱ्याचा म्हणून मोकळी होतात.

या घोळाचे मूळ वर्गीकरणशास्त्रात शोधण्याचा मोह होतो. कुत्र्याला काही वर्गीकरणकार लांडग्याची उपजात मानतात, काही स्वतंत्र जात. पहिले मत घेतले तर अनुसूचीतील ‘कॅनिस ल्युपस’ या नावाखाली गल्लीतला कुत्राही ओढून आणता येईल. दुसरे घेतले तर संकरित प्राणी दोन्हींच्या बाहेर पडेल. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराने, म्हणजे साइटीसने, या अडचणीवर सरळ तोडगा काढला आहे. लांडग्याच्या नोंदीतून पाळीव रूप स्पष्ट शब्दांत वगळले, आणि संकरित प्राण्याच्या मागील चार पिढ्यांत संरक्षित जातीचा पूर्वज असेल तर त्यालाही नियम लागू केले. भारत, नेपाळ, भूतान व पाकिस्तान येथील लांडगे त्या कराराच्या पहिल्या, सर्वाधिक कडक परिशिष्टात आहेत. मात्र हा करार सीमेपलीकडील व्यापारापुरता आहे. सासवड-सुप्याच्या माळावर वंशावळीची चार पिढ्यांची वही कोणी ठेवत नाही.

शेतीशास्त्राला संकराचा प्रश्न अनोळखी नाही. हरभरा आणि कपाशीवरील घाटेअळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, ब्राझीलमध्ये २०१३ साली आढळल्याचे जाहीर झाले. पुढे काही वर्षांतच तेथील स्थानिक मका-बोंडअळीशी, हेलिकोव्हर्पा झीआशी, तिचा संकर झाल्याचे जनुकीय पुरावे मिळाले आणि कीटकनाशकाला दाद न देणारे जनुक स्थानिक अळीत उतरल्याचेही दिसले. तेथे कोणी ‘ही तिसरी जात कोणती?’ या प्रश्नावर अडून बसले नाही. शेतात काय सापडते, त्याचा वारसा किती मिसळलेला आहे आणि त्यावर कोणी काय करायचे, हे ठरवावे लागले. नावाचा वाद शास्त्रज्ञांनी सावकाश मिटवावा. शेतकऱ्याला आणि कायद्याला तितका वेळ नसतो.

बोंडअळीकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. कीटकांची ओळख आता बहुतेक ठिकाणी मायटोकाँड्रियातील डीएनएवरून पटवली जाते. तो फक्त आईकडून येतो. त्यामुळे संकरित पतंग हा आईच्या जातीचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. लांडगा-कुत्रा संकरात बहुधा मादी लांडग्याची आणि नर कुत्र्याचा असतो, असे युरोपातील अभ्यास सांगतात. अशा पिल्लाचा केवळ मायटोकाँड्रियल अहवाल मागवला, तर उत्तर ‘लांडगा’ असेच येईल. केंद्रकातील डीएनएवरील पुरेशा खुणा तपासल्याशिवाय पितृवंश कळत नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, हैदराबादच्या पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्राची वन्यजीव प्रयोगशाळा, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे ही तपासणी करण्याची क्षमता आहे. अडचण तंत्राची नाही. नमुना कोणी घ्यायचा, कोणती चाचणी मागायची आणि अहवाल येईपर्यंत त्या प्राण्याला काय समजायचे, हे कोठेही लिहिलेले नाही, ही खरी अडचण आहे.

या पोकळीची किंमत आज कोण मोजतो? सर्वांत आधी मेंढपाळ. लांडग्याने मेंढरे मारल्यास महाराष्ट्रात वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते. मोकाट कुत्र्यांनी मारल्यास त्या योजनेत काही मिळत नाही. रात्री वाघुरीच्या आत शिरून पाच-सहा मेंढरे फाडणाऱ्या प्राण्याचा रंग पिवळसर होता, शेपूट वळलेली होती, असे धनगराने प्रामाणिकपणे सांगितले, की पंचनाम्यात ‘कुत्रा’ लिहिले जाण्याची वाट मोकळी होते. म्हणजे खरे सांगणाऱ्याचे नुकसान, आणि ‘लांडगाच होता’ म्हणणाऱ्याचा लाभ. अशा व्यवस्थेत संकरित प्राण्यांची खरी माहिती वनखात्यापर्यंत पोहोचण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. शिवाय भरपाई हुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी मेलेल्या मेंढरात विष भरून ठेवतो, आणि ते विष खाणारा प्राणी कोणत्या वंशाचा आहे हे विषाला कळत नाही.

दुसरी किंमत लांडगा मोजतो. २०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. वनखात्याच्या मोहिमेत पाच लांडगे पकडले गेले, सहावा ऑक्टोबरमध्ये गावकऱ्यांनी मारल्याचे आढळले. हे प्राणी संकरित तर नसतील ना, अशी शंका तेव्हा जाणकारांकडून व्यक्त झाली. शंका घेणे गैर नव्हते. पण तिचा कायदेशीर परिणाम लक्षात घ्यायला हवा. अनुसूची १ मधील प्राणी माणसाच्या जीवितास धोकादायक झाला, तरी तो पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नाही अशी खात्री झाल्यावरच, कारणे नमूद करून, मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. ‘हा लांडगा नव्हे, संकर आहे’ असे एकदा म्हटले, की हे सारे संरक्षक कठडे एका वाक्यात बाजूला होतात. मग बंदूकधाऱ्याला एवढाच बचाव पुरतो की आपल्याला तो कुत्र्यासारखा दिसला.

युरोपाने हा धोका वेळीच ओळखला. बर्न कराराच्या स्थायी समितीने डिसेंबर २०१४ मध्ये संकराविषयी जी शिफारस क्रमांक १७३ स्वीकारली, तिच्यात वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. एक, रानातील संकरित प्राणी शासनाच्या नियंत्रणाखाली हटवावेत. दोन, त्याच संकरित प्राण्यांना इतर कोणी मारू नये म्हणून पुरेसे कायदेशीर संरक्षण द्यावे, आणि हटवण्याचे काम ओळख निश्चित झाल्यानंतर शासनाने वा शासननियुक्तांनीच करावे. यात विसंगती नाही. संकराचे संरक्षण संकरासाठी नाही, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या लांडग्यासाठी आहे. जर्मनीने २०२० मध्ये आपल्या निसर्गसंरक्षण कायद्यात तसे कलमच घातले : रानातील लांडगा-कुत्रा संकर सक्षम प्राधिकरणाने हटवावेत. त्याआधी थुरिंगिया राज्यातील ओरड्रुफ येथे एका मादी लांडग्याला कुत्र्यापासून पिल्ले झाली होती. ती जिवंत पकडण्याचे प्रयत्न फसले, काहींना शासकीय आदेशाने गोळी घालावी लागली आणि त्यावरून मोठे वादळ उठले.

गोळीचा मार्ग भारताने घेऊ नये. भूतदयेचे कारण आहेच, पण केवळ तेच नाही. रिकामी झालेली हद्द रिकामी राहत नाही, आणि पाच हजारांस एक या प्रमाणात ती कुत्र्याने भरण्याचा संभव जास्त. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात तांबडा लांडगा कायोटीशी संकर होऊन नामशेष होण्याच्या वाटेवर होता, तेव्हा तेथील वन्यजीव विभागाने कायोटींना पकडून, त्यांची प्रजननक्षमता बंद करून, त्याच हद्दीत परत सोडले. हद्द राखायची, पण पिल्ले द्यायची नाहीत, अशी ही योजना. लांडग्याची जोडी तयार झाली की त्या राखणदाराला बाजूला करता येते. वांझ नर सोडून स्क्रूवर्म माशीचे उच्चाटन घडवणाऱ्या कीटकशास्त्राला या विचारातील नाते लगेच ओळखू येईल. येथे एक तांत्रिक बारकावा महत्त्वाचा आहे. मोकाट कुत्र्यांच्या कार्यक्रमात वृषण किंवा अंडाशय काढून टाकतात. त्यामुळे संप्रेरके थांबतात आणि हद्द राखण्याची वृत्तीही मंदावू शकते. राखणदार हवा असेल तर ग्रंथी शाबूत ठेवून केवळ नलिका बंद करणारी शस्त्रक्रिया हवी. नेहमीच्या श्वान-निर्बीजीकरण केंद्राकडे प्राणी पाठवून हे साधणार नाही.

यासाठी नवा कायदा लागेल काय? बहुधा नाही. वन्यजीव अधिनियमाच्या कलम १२ मध्ये ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’साठी परवानगीची सोय आहे आणि त्यात वन्य प्राण्यांना न मारता, विष न देता केलेले संख्यानियमन बसते. अनुसूची १ मधील प्राण्यासाठी केंद्राची पूर्वसंमती लागते, एवढेच. म्हणून रानात आढळणारा आणि लांडग्याशी साम्य असलेला प्रत्येक प्राणी, उलट सिद्ध होईपर्यंत, लांडगाच मानावा, असे केंद्राने मार्गदर्शक सूचनेने ठरवून द्यावे. त्यामुळे श्वानपथकाला, वनरक्षकाला आणि पोलीस ठाण्याला एकच उत्तर मिळेल : हात लावू नका, वनखात्याला कळवा. उलट सिद्ध करण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा असावा, तोही केंद्रकीय डीएनएच्या अहवालावर, रंग-रूपावर नव्हे. पहिल्या एक-दोन पिढ्यांचा संकर ठरला तर कलम १२ खाली त्याला पकडून वर सांगितलेली शस्त्रक्रिया करावी. कुठल्या तरी जुन्या पिढीतील कुत्र्याचा अंश नाममात्र उरला असेल, तर त्याला लांडगा म्हणूनच सोडून द्यावे. रेषा कोठे आखायची यावर जनुकशास्त्रज्ञांत मतभेद होतील. होऊ द्यावेत. रेषा थोडी इकडे-तिकडे झाल्याने जे नुकसान होईल, ते रेषाच नसल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा कमी आहे.

यावर गंभीर आक्षेप असा घेतला जातो की संकराला लांडग्याचे कवच दिल्यास कुत्र्याची जनुके लांडग्यांत बिनबोभाट मिसळत राहतील आणि प्राचीन वंशशाखा आतून पोखरली जाईल. आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल महिनोन्‌महिने रखडला तर तो खराही ठरेल. म्हणून अहवालाला मुदत हवी. विणीच्या पुढील हंगामाच्या आत निर्णय झाला नाही, तर संरक्षणाची ही सारी मांडणी कोसळते. पण पर्यायी मार्ग, म्हणजे संकराला कायद्याबाहेर टाकणे, लांडग्यांचे कळप मोडतो. आणि कळप मोडले की संकर वाढतो, हे वर आलेच आहे.

राहिला प्रश्न कुत्र्यांचा. संकर लांडग्यामुळे होत नाही, मोकाट कुत्र्यामुळे होतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम ग्रामपंचायतींनाही लागू आहेत. तरी निर्बीजीकरणाची यंत्रणा शहरांतच साठली आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतील ज्या गावांना लांडग्यांच्या माळांची सीमा लागते, त्या गावांतील कुत्र्यांना प्राधान्य मिळाले पाहिजे, आणि त्यांत मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांचे रेबीज व डिस्टेंपर यांविरुद्ध लसीकरणही आले. गीरमध्ये २०१८ साली डिस्टेंपरच्या विषाणूने सिंहांचे जे झाले, ते लांडग्यांचे झाले तर मोजायलाही कोणी जाणार नाही.

या कुत्र्यांना पोसतो कोण? येथे कृषी व पशुसंवर्धन क्षेत्राला स्वतःकडे बोट वळवावे लागते. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे गेली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण गिधाडे त्या संख्येने परतली नाहीत, आणि मेलेल्या जनावरांचे मांस कुत्र्यांना मोकळे झाले. त्यात माळाच्या कडेला उभ्या राहिलेल्या कुक्कुटपालन शेडची भर पडली. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात चुना टाकून पुरण्याऐवजी ओढ्याकाठी फेकल्या जातात. त्या ढिगावर कुत्रा आणि लांडगा एकाच रात्री येतात, आणि सोयरीक तेथेच जमते. शेडला परवाना किंवा अनुदान देताना मृत पक्ष्यांच्या विल्हेवाटीचा खड्डा प्रत्यक्ष पाहण्याची अट घालणे पशुसंवर्धन खात्याच्या हातात आहे. त्यासाठी वनखात्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

भरपाईच्या नियमात करावयाचा बदल त्याहून लहान आहे. पंचनाम्यात ‘लांडगा किंवा लांडगासदृश प्राणी’ एवढे शब्द पुरेत, आणि फाडलेल्या मेंढराच्या जखमेवरून लाळेचा कापसाचा बोळा घेणे पंचनाम्याचाच भाग करावे. भरपाई त्या बोळ्याच्या अहवालावर अडवू नये. ती लगेच द्यावी, आणि बोळा प्रयोगशाळेकडे जावा. मेंढपाळाला पैसे मिळतील, वनखात्याला जागा, तारीख आणि डीएनए मिळेल. बोळा मात्र जखम ओली असताना, मेंढराला पाणी लागण्याआधी घेतला पाहिजे. म्हणजे वनरक्षकाच्या पिशवीत निर्जंतुक कापूस आणि कागदी पाकीट असायला हवे, आणि मेंढपाळाचा फोन आल्यावर त्याच सकाळी वाड्यावर पोहोचण्याइतके पेट्रोल त्याच्या मोटारसायकलीत असायला हवे.